शाकल्याने न तोडलेलं पद

नाशिकहून त्र्यंबकेश्वर म्हणजे जेमतेम तीस किलोमीटर. गाडीत मागच्या सीटवर अमेरिकेहून सुट्टीला आलेली भाची टाळ्या वाजवत बसली होती. तिच्या शाळेत इंग्रजी शब्दांचे सिलॅबल असे टाळ्या वाजवून मोजायला शिकवतात. 'हि-पो-पॉ-ट-मस', पाच टाळ्या. रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी दिसली तसं तिने तेही वाजवून टाकलं. 'ट्रिम-ब-केश-वर', चार.

"चार कुठले?" पुढच्या सीटवरून आई म्हणाली. "त्र्यं, ब, के, श्व, र. पाच झाले की."

"आजी, तू लिहिलेलं मोजतेस. मी बोललेलं मोजते."

उत्तर इतकं नेमकं होतं की मी गाडी चालवताना गप्प बसलो. पण शब्द डोक्यातून गेला नाही. घरी आल्यावर प्रोग्रॅमर जे करतो तेच मी केलं, कॉम्प्युटरला विचारलं. 'त्र्यंबकेश्वर' या शब्दाची लांबी किती? उत्तर आलं १३. म्हणजे १३ युनिकोड चिन्हं (त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार... अशी). तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये साठवला तर ३९ बाइट. माणसाला दिसणारी अक्षरं मोज म्हटलं तर जुन्या नियमाने ८, कारण त्या नियमात हलन्तापाशी अक्षर संपत असे आणि 'त्र्यं'चे तीन तुकडे पडत. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला, तेव्हा उत्तर पाच झालं. आईचं बरोबर म्हणायला युनिकोडवाल्यांना २०२३ उजाडावं लागलं. :)

बरं, ही झाली आवाजाची आणि लिपीची मोजदाद. अर्थाचे तुकडे पाडायचे तर ते असे: त्रि + अंबक + ईश् + वर. भाषाशास्त्रात याला रूपिम म्हणतात. तेही चारच, पण भाचीच्या चार टाळ्यांशी जुळतात का? 'ईश्' आणि 'वर' यांच्यामधली फट टाळीशी जुळते. बाकी दोन ठिकाणी नाही. 'के' या एकाच अक्षरात 'अंबक'चा शेवटचा अ आणि 'ईश्वर'चा पहिला ई एकमेकांत मिसळलेत. आणि 'त्र्यं'मध्ये 'त्रि' संपतो आणि 'अंबक' सुरू होतो, तेही एका दमात. तिथे सुरी कुठे लावणार?

इंग्रजीवाल्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. ओळीच्या शेवटी शब्द मावत नसेल तर तो कुठे तोडायचा यावर तिकडे दोन घराणी आहेत. नोहा वेबस्टरने १७८३ साली अमेरिकन मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, तेव्हा जुन्या पुस्तकांतली 'क्ल-स्टर' अशी फोड मोडून 'क्लस-टर' केली. त्याचं म्हणणं, तोंडात जसा शब्द तुटतो तसाच कागदावर तोडा. इंग्लंडातल्या छापखान्यांचा कल मात्र शब्दाच्या घडणीकडे. त्यामुळे ज्ञान या अर्थाचा 'नॉलेज' शब्द अमेरिकेत 'नॉल-एज' तुटतो, तर इंग्लंडात मूळ क्रियापद 'नो' शाबूत ठेवून. 'फोटोग्राफ'चं 'फोटोग्राफी' होताना आघात पहिल्या सिलॅबलवरून दुसऱ्यावर सरकतो आणि त्याबरोबर फोडही बदलते. 'फो-टॉग-र-फी'. 'फोटो' आणि 'ग्राफ' हे दोन्ही अर्थाचे तुकडे त्यात पार चिरडले जातात.

आमच्या क्षेत्रात हे काम फ्रँकलिन लियांगने केलं. स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड कनुथच्या हाताखाली, १९८३ साली. कनुथच्या टेक या छपाईच्या प्रणालीसाठी त्याने सुमारे साडेचार हजार अक्षर-साचे तयार केले. हे साचे शब्दावर फिरवले की कुठे हायफन टाकता येईल ते कळतं. अर्थ नाही, शब्दकोश नाही. तरीही शब्दकोशातल्या हायफनच्या जागांपैकी ८९ टक्के त्याला सापडतात. त्याखेरीज चौदा शब्दांची एक अपवादांची यादी आहे. त्यात 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' हे शब्द, त्यांच्या अनेकवचनांसह, कुठेही न तोडता आख्खे दिलेत. कारण सरळ आहे. भेटवस्तू असेल तर आघात आधी आणि तोड एका जागी, सादर करणे असेल तर आघात नंतर आणि तोड दुसऱ्या जागी. नुसत्या स्पेलिंगवरून कोणता ते सांगता येत नाही. सांगता येत नसेल तर तोडू नका.

हे वाचलं तेव्हा मला शाकल्य आठवला.

हा गृहस्थ पाणिनीच्याही आधीचा, कारण पाणिनी अष्टाध्यायीत त्याचं नाव घेतो. त्याचं काम ऋग्वेदाचा पदपाठ. वेद म्हणताना शब्द एकमेकांत मिसळून येतात, संधी होतात, जोडशब्द होतात. त्या प्रवाहाला संहिता म्हणतात. शाकल्याने अख्ख्या संहितेचे संधी सोडवून शब्द सुटे केले. एवढंच असतं तरी पुष्कळ होतं, पण तो शब्दाच्या आतही शिरला. समास असेल तर दोन भागांमध्ये अवग्रह (ऽ), विभक्तीचे किंवा तर-तम यांसारखे काही प्रत्यय जोडलेले असतील तर तिथे अवग्रह. शिवाय एका शब्दात अवग्रह एकच. पहिल्याच सूक्तातला 'रत्नधातमम्' घ्या. रत्न, धा आणि तम असे त्याचे तीन तुकडे पडतात, पण शाकल्य 'रत्नऽधातमम्' असा एकच घाव घालतो. आधी मोठी फट शोधायची आणि तिथेच थांबायचं. पार्सर लिहिणाऱ्या माणसाला यात ओळखीचं काही दिसल्याशिवाय राहत नाही.

यात स्वर फार महत्त्वाचा. वैदिक स्वर म्हणजे इंग्रजीसारखा जोर नव्हे, आवाजाची उंची. उदात्त, अनुदात्त, स्वरित. पण काम तेच, शब्द कुठे तुटतो ते सांगणं. त्याचं झकास उदाहरण म्हणजे यास्काने शाकल्याची काढलेली चूक. दहाव्या मंडलातल्या एका ऋचेत शाकल्याने 'वा' आणि 'यः' असे दोन शब्द मानले. यास्क निरुक्तात (६.२८) म्हणतो, नाही, तो 'वायः' हा एकच शब्द आहे, पक्ष्याचं पिल्लू या अर्थाचा. पुरावा काय? 'यः' म्हणजे 'जो' असेल तर त्या वाक्यातल्या क्रियापदावर उदात्त हवा, आणि इथे तो नाही. 'प्रेझेंट'चाच खटला, फक्त निकाल अडीच हजार वर्षांपूर्वी लागलेला. गंमत म्हणजे शाकल्याचा पाठ तसाच राहिला आणि यास्काचा आक्षेपही. दोघांनाही पाठ करणारे लोक मिळाले. आपल्याकडे वाद मिटवण्यापेक्षा पाठ करून ठेवण्याची हौस अधिक, असं कधी कधी वाटतं.

पदपाठ झाला की त्यावर पुढचे मजले चढतात. क्रमपाठात शब्दांच्या जोड्या: कख, खग, गघ. जटापाठात कख, खक, कख. आणि घनपाठात कख, खक, कखग, गखक, कखग, मग एक घर पुढे सरकून पुन्हा तेच. ओळीच्या मधला प्रत्येक शब्द घनात तेरा वेळा येतो (मोजून पाहिलं). एखादा शब्द सुटला, पुढेमागे झाला, संधी चुकला तर तो कुठल्या तरी वळणावर पकडला जाणारच. त्र्यंबकेश्वरात वेदपाठशाळा आहेत, सकाळच्या वेळी गल्लीतून जाताना मुलांचे आवाज ऐकू येतात. संस्कृत येत नसणाऱ्यालाही त्यातलं मागे-पुढे जाणं लगेच कळतं. युनेस्कोने २००३ साली वेदपठणाच्या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरव केला, तो यासाठी.

आम्ही संगणकवाले याला चेकसम म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोपही तेच म्हणतो. 'हजारो वर्षांत वेदांचं एक अक्षरही बदललं नाही!' मलाही हे वर्षानुवर्षं पटलेलं होतं. त्याला तडा गेला तो ज्या गावात मी ही मुलं ऐकली त्याच गावाच्या नावामुळे.

त्र्यंबक हा शब्द आपल्याला माहीत असतो तो महामृत्युंजय मंत्रामुळे. ऋग्वेद, सातवं मंडल, ५९वं सूक्त, बारावी म्हणजे शेवटची ऋचा. सूक्त मरुतांचं आहे. अकरा ऋचा मरुतांच्या आणि बारावी अचानक त्र्यंबकाची, म्हणजे रुद्राची, वेगळ्या छंदात. मरुत हे रुद्राचे मुलगे, म्हणून मुलांच्या मागे बाप आला म्हणायचं.

आणि या ऋचेला शाकल्याचा पदपाठ नाही.

ऋग्वेदात ऋचा साडेदहा हजार. त्यातल्या फक्त सहा शाकल्याने तोडलेल्या नाहीत, तिथे पदपाठात संहितेचीच ओळ पुन्हा येते. एक ही. एक दहाव्या मंडलाच्या विसाव्या सूक्ताची पहिली. एक हिरण्यगर्भ सूक्ताची शेवटची (नऊ ऋचा 'कोणत्या देवाला?' असं विचारतात आणि दहावी उत्तर देते, ती दहावी). आणि संध्येतलं अघमर्षण सूक्त, तीनही ऋचा. अभ्यासकांचं सर्वसाधारण मत असं की शाकल्याच्या वेळी या ऋचा ऋग्वेदाच्या मूळ पाठात धरल्या जात नव्हत्या, किंवा नुकत्या येऊन बसल्या होत्या. त्याला त्या तोडता येत नव्हत्या असं अजिबात नाही. तैत्तिरीय संहितेत हाच मंत्र येतो आणि तिथल्या पदपाठात 'त्रि-अम्बकम्' अशी स्वच्छ फोड आहे. लियांगच्या यादीशी साम्य आहे ते दिसण्यापुरतं. 'प्रेझेंट' आख्खा राहिला कारण दोन फोडी शक्य होत्या. त्र्यंबकाची ऋचा आख्खी राहिली ती बहुधा 'ही माझ्या पोथीतली नव्हे' म्हणून. मात्र एक आहे. नंतरच्यांनी ती रिकामी जागा भरून टाकली नाही. तोडायला सोपी असूनही ती तशीच ठेवून पुढे पाठ केली. मला शाकल्यापेक्षाही या नंतरच्या लोकांचं कौतुक वाटतं. आपण असतो तर पुढच्याच व्हर्जनमध्ये 'दुरुस्ती' करून मोकळे झालो असतो.

आता त्या तड्याकडे. या ऋचेचा छंद अनुष्टुभ. आठ अक्षरांचे चार चरण, एकूण ३२. (इथे अक्षर म्हणजे भाचीची टाळी.) मोजा म्हणजे कळेल. बेरीज ३२ बरोबर येते. पण चरणवार मोजलं तर सात, आठ, नऊ, आठ! पहिल्यात एक कमी, तिसऱ्यात एक जास्त. दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. ज्याने कधी हिशोबाची वही जुळवली आहे त्याला हा प्रकार माहीत आहे, एकूण बरोबर म्हणून आपण सही करतो आणि आत दोन खाती चुकलेली असतात.

पहिल्या चरणात शब्द दोनच. दुसऱ्याची अक्षरं चार, त्यात संशयाला जागा नाही. म्हणजे चूक 'त्र्यंबकम्'मध्ये. तीन अक्षरं आहेत तिथे चार हवीत. त्रि-यं-ब-कम्. 'त्र्यं' या एका अक्षरात 'त्रि'चा इ दडपला गेलाय तो बाहेर काढला की चरण आठाचा होतो. तिसऱ्या चरणात 'इव' शब्द आहे. वेदात हा शब्द बऱ्याच ठिकाणी छंदाच्या हिशोबाने एकाच अक्षराचा मोजावा लागतो, आणि पालीत तर तो नुसता 'व' होऊनच येतो. तसा मोजला की नऊचे आठ.

हे काही परदेशी पंडितांनी प्रथम शोधलं असं नाही. चरणात अक्षर कमी पडलं तर संधी सोडवून, य-व यांचे इय-उव करून ते भरावं, हे ऋक्प्रातिशाख्यात सांगितलेलं आहे. त्याला व्यूह असं नाव आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रातही तशी सोय आहे. कालिदासाला तर 'त्रियंबक' हे रूपच आवडलं. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात, मदन समाधीतल्या शंकराला पाहतो तिथे, त्याने ते वापरलंय, आणि मल्लिनाथाला टीकेत सांगावं लागलं की हे रूप वैदिक धर्तीचं आहे, महाकवीने वापरलं म्हणून चालवून घ्या. १९९४ साली व्हॅन नूटेन आणि हॉलंड यांनी हार्वर्डच्या मालेत अख्खा ऋग्वेद छंदाप्रमाणे सावरून छापला, त्यातही 'त्रियंबकं' आहे.

म्हणजे घडलं काय? ऋचा रचणाऱ्याने चार अक्षरं म्हटली. पुढे केव्हातरी बोलण्याच्या ओघात, संधीचे नियम पक्के होत गेले तसा, इ चा य झाला. आणि त्यानंतर पठणाची ती अचाट यंत्रणा उभी राहिली. तिने सात अक्षरांचा चरण सातच ठेवून जपला, एवढा पक्का की एकदाही कोणी तो सहज आठाचा करून टाकला नाही. चेकसम असाच चालतो. तो ज्या क्षणी काढला त्या क्षणापासून पुढची हमी देतो. त्याआधी फाइलमध्ये काय होतं हे तो सांगू शकत नाही. 'एक अक्षर बदललं नाही' हे वाक्य पठणाच्या काळापुरतं जवळपास खरं आहे. रचनेच्या काळापर्यंत ते नेता येत नाही, आणि नेण्याची गरजही मला दिसत नाही. शतपथ ब्राह्मणात ऋचांचं माप बारा हजार बृहती, म्हणजे गुणिले ३६, ४,३२,००० अक्षरं असं दिलंय. प्रत्यक्ष मोजलं तर संख्या चार लाखांच्या आत भरते. त्यामुळे माझी श्रद्धा कमी झाली का, असं एका ज्येष्ठ नातेवाइकांनी मला विचारलं. त्यांना मी जे सांगितलं ते पुढे.

हरवलेल्या इ ची खूण त्याच ऋचेत आहे. 'त्र्यंबकं' म्हणताना पहिल्याच अक्षरावर उभी रेघ असते, स्वरिताची. साधारणपणे स्वरित हा उदात्ताच्या पाठोपाठ येतो. आधी उंच आवाज, मग त्याची उतरंड. इथे त्याच्या आधी अक्षरच नाही! मग हा स्वरित आला कुठून? तैत्तिरीय पदपाठ सांगतो की उदात्त 'त्रि'वर होता. इ चा य झाला, स्वर ठेवायला जागा उरली नाही, म्हणून तो पुढच्या अ वर जाऊन स्वरित झाला. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र केलंय (८.२.४) आणि प्रातिशाख्यांत या स्वरिताला क्षैप्र म्हणतात, क्षिप्र म्हणजे झटपट उच्चारातून आलेला. शेजारचं घर पाडल्यावर आपल्या भिंतीवर त्यांच्या जिन्याच्या पायऱ्यांची तिरकी खूण राहते ना, तसं. ज्या मुलांनी हा मंत्र तीन अक्षरी 'त्र्यंबकं'ने म्हटला त्यांनीच चौथ्या अक्षराचा पुरावाही, अर्थ ठाऊक असो वा नसो, तोंडातून तोंडात पोचवला. तुमच्या-माझ्या बॅकअपमध्ये पुसलेल्या फाइलची अशी खूण सापडेल का, मला शंका आहे.

अर्थाच्या फोडीवर मात्र कोणाचंच एकमत नव्हतं. अंबक म्हणजे डोळा, म्हणून तीन डोळ्यांचा, हे आपलं नेहमीचं. शतपथ ब्राह्मण म्हणतं, अंबिका ही रुद्राची बहीण, या स्त्रीसह त्याचा हविर्भाग, म्हणून त्र्यंबक. तिथे 'त्रि'चा त्रि न राहता 'स्त्री' होतो. अंबा म्हणजे आई, म्हणून तीन आयांचा, असंही म्हणणारे आहेत. आणि गावात विचाराल तर गाभाऱ्यात इतर ठिकाणांसारखी उभी पिंडी नाही, खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू, महेश, म्हणून त्र्यंबक. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ (१७५५ ते १७८६) बघून बाहेर पडताना कोणीतरी हेच सांगत असतं.

आणि मराठी? मराठीने व्यूहाचे नियम न वाचता आपली सोय पाहिली. 'त्र्यं' हे जोडाक्षर रोजच्या जिभेला जड, म्हणून त्रिंबक. १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये गावाचं नाव त्रिंबक असंच आहे. दुसऱ्या बाजीरावाचा डेंगळेही त्रिंबकजीच. इतिहासकार शेजवलकर मात्र त्र्यंबक शंकर. इ परत आला, पण वैदिक इ नव्हे, आपला घरचा. त्याने अक्षरही वाढलं नाही. त्र्यं गेला आणि त्रिं आला, तीनाचे तीनच.

परतीच्या वाटेवर भाचीला मी त्रि-यं-ब-कम् हे चार टाळ्यांत करून दाखवलं. तिने ते दोनदा वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पण मग पाटीवर कोणतं लिहायचं?" आई म्हणाली, "एसटीवाले लिहितील ते."